लाडावलेली टाकी

कारखान्यात त्यांना सगळे खानावळवाले म्हणत. हजेरीपटावर 'सांडपाणी विभाग, चालक, वरिष्ठ श्रेणी' असा हुद्दा लिहिलेला होता, पण एवढ्या लांबलचक हुद्द्याने हाक मारायला तिथे कुणाला सवड नव्हती. सकाळी सातला कामावर आले की चहाच्याही आधी ते लोखंडी जिना चढून टाकीच्या कठड्यापाशी जात, खाली खदखदणाऱ्या तपकिरी पाण्याकडे वाकून बघत आणि विचारत, "काय मंडळी, जेवलात का?" सव्वीस वर्षांत एकदाही उत्तर आलं नव्हतं आणि त्याचं त्यांना वाईटही वाटलं नव्हतं. घरीही परिस्थिती फारशी वेगळी नव्हती.

मंडळी म्हणजे जिवाणू. कारखाना प्लायवूड चिकटवायचा गोंद बनवायचा आणि त्यातून जे पाणी उरायचं त्यात फिनॉल असायचं. इस्पितळाच्या फरशीला येतो तो वास, पण शंभरपट. असं पाणी तसंच ओढ्यात सोडलं तर मासे पोट वर करून तरंगू लागतात आणि वर्तमानपत्रात फोटो येतो. म्हणून ते आधी ऐंशी हजार लिटरच्या टाकीत घेतलं जाई. टाकीच्या तळातून एक यंत्र रात्रंदिवस हवा सोडत असे आणि त्या हवेने घुसळणाऱ्या गाळात फिनॉल खाऊन जगणारे कोट्यवधी जिवाणू होते. आत येणाऱ्या पाण्यात लिटरमागे साडेतीनशे मिलिग्रॅम फिनॉल असे; बाहेर पडताना ते एकाच्या खाली यावं लागे. खानावळवाल्यांच्या टाकीत ते येत असे, आणि त्यासाठी ते कुणाकडून शाबासकीची अपेक्षा करत नसत. फक्त महिन्याच्या अहवालातला आपल्या विभागाचा आकडा ते दोनदा वाचत.

त्यांची परीक्षा नाकाची. मूठभर गाळ उचलायचा आणि हुंगायचा. ओल्या मातीचा वास आला तर मंडळी मजेत. कुजक्या अंड्याचा आला तर हवा कमी पडतेय. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की एकदा व्याह्यांनी कौतुकाने नवं अत्तर हुंगायला दिलं, तर यांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "जरा हवा वाढवा."

माणूस सरळ, कामाला चोख. दोष एकच. समोरचा उपाशी आहे अशी शंका त्यांना सतत येई. फाटकावरचा कुत्रा त्यांच्या डब्यावर इतका पोसला होता की चोर आला तरी तो बसल्या जागेवरूनच भुंकला असता. पहारेकऱ्याचं पोटही त्याच मार्गाने निघालं होतं. खानावळवाल्यांची पत्नी बालवाडीत बाई होती आणि तिचा स्वभाव नेमका उलटा. वर्गातल्या चाळीस मुलांना तिने पालकाची भाजी खायला लावलेली होती, आणि तीसुद्धा आवाज न चढवता. "मुलाला भूक लागू द्यावी," ती म्हणायची, "तुम्ही भूक लागायच्या आधीच ताट वाढता."

त्या वर्षी बॉयलरच्या मोठ्या दुरुस्तीसाठी कारखाना तीन आठवडे बंद राहणार होता. कारखाना बंद म्हणजे सांडपाणी बंद, आणि सांडपाणी बंद म्हणजे मंडळींचा फाका. यावर उपाय ठरलेला होता. निवृत्त झालेल्या जुन्या इंजिनिअरांनी स्वतःच्या अक्षरात एक कागद लिहून भिंतीवर चिकटवला होता: 'बंद काळात हौदात साठवलेलं फिनॉलचं पाणी रोज थोडं थोडं टाकीत सोडावं. दुसरं काही करू नये.' दुसऱ्या वाक्याखाली दोन रेघा मारलेल्या होत्या.

खानावळवाल्यांनी हा कागद नऊ वेळा वाचून पाळला होता. दहाव्या वेळी कठड्यावर रेलून उभे असताना त्यांच्या मनात एक विचार आला. पाव शतक ही बिचारी मंडळी रोज विष पितात. कारखान्यातल्या सगळ्यांना सुट्टी आहे. यांनी काय पाप केलंय?

शेजारी बिस्किटांचा कारखाना होता. तिथल्या मुकादमाला मोडक्या बिस्किटांचा चुरा कुठे टाकावा हा रोजचा प्रश्न. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून चार पोती अलीकडे आली.

"एवढा चुरा कुणाला घालणार?" मुकादमाने विचारलं.

"आमच्याकडे खाणारी तोंडं पुष्कळ आहेत."

पुढचे तीन आठवडे टाकीच्या इतिहासातले सोन्याचे दिवस होते. मंडळी चुऱ्यावर अशी तुटून पडली की हवेचं यंत्र अपुरं पडायला लागलं. टाकीवर पांढरा, जाड फेस आला. विभागाला बेकरीसारखा वास सुटला. रस्त्याने जाणारे लोक थांबून विचारू लागले की इथे काय मिळतं. रोज सकाळी एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यात गाळ भरून अर्धा तास ठेवायचा आणि तो किती खाली बसतो ते बघायचं, असा नेम होता. एरवी गाळ तीनशेच्या खुणेपर्यंत बसायचा. आता तो नऊशेवरच, पिंजलेल्या कापसासारखा तरंगत राहिला. "अंग धरलंय," खानावळवाले समाधानाने म्हणाले आणि नोंदवहीत त्यांनी नेहमीप्रमाणे लिहिलं: सर्व ठीक.

कारखाना सुरू झाला. फिनॉलचं पाणी टाकीत आलं आणि दुसऱ्या बाजूने निम्म्याहून जास्त फिनॉल तसंच घेऊन बाहेर पडलं.

प्रयोगशाळेत एक तरुण बाई होती, तिला सगळे लॅबवाली म्हणत. तिने आकडा दोनदा काढला, मग स्वतः जिना चढून वर आली.

"काका, बाहेर दोनशे दहा आहे."

"यंत्र बिघडलं असेल तुमचं."

"यंत्र कशाला हवं? वास येतोय. तुम्हाला येत नाही?"

वास त्यांना सकाळपासून येत होता. ते तोंड फिरवून उभे होते.

"बंदच्या काळात टाकीला काय घातलंत?"

"घातलं म्हणजे... असंच काहीबाही."

"काका."

"बिस्किटं," खानावळवाले म्हणाले.

लॅबवालीने एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. टपोऱ्या गुठळ्यांच्या जागी दोऱ्यांचा नुसता गुंता दिसत होता. "यांच्या पिढ्या दिवसादिवसात बदलतात," ती म्हणाली. "बिस्किटं खाणारे वाढत गेले, फिनॉल खाणारे मागे पडले. आता टाकीत जे आहेत ना, त्यांच्या पणजोबांनीसुद्धा फिनॉल बघितलेलं नाही."

खानावळवाले बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून होते. ओळखीचं कुणी दिसत नव्हतं.

नेमके त्याच आठवड्यात मुख्य कचेरीतून नवे साहेब आले होते. त्यांच्या खोलीत रसायनं विकणारा एक माणूस गुळगुळीत छापलेली पत्रकं मांडून बसला होता. पाण्यात अमुक पावडर टाका, फिनॉल खलास, अशी त्याची योजना होती. ती पावडर कुठे जाते आणि तिचं पुढे काय होतं, हे पत्रकात बारीक अक्षरांत होतं.

"तुमचे ते किडे," साहेब म्हणाले, "सुट्टी संपली हे त्यांना कुणी सांगितलं नाही का?"

"जिवाणू, साहेब."

"जे असतील ते. हे पाणी ओढ्यात सोडायचं नाही. मागच्या तलावात साठवा. उत्पादन अर्ध्यावर आणलं तर तलाव किती दिवसांत भरेल?"

"दहा."

"मग दहा दिवस. तेवढ्यात आकडा एकच्या खाली आला तर ठीक. नाहीतर टाकी उपसायची, कोरडी करायची आणि तिथे यांची पिंपं उभी करायची. तुम्हाला भांडारात घेऊ. नोकरीची काळजी करू नका."

नोकरीची काळजी खानावळवाल्यांना नव्हतीच. भांडारात नटबोल्ट असतात. नटबोल्टांना जेवलात का असं विचारता येत नाही.

पहिले तीन दिवस त्यांनी मंडळींना समजुतीने घेतलं. पाणी थोडं थोडं सोडलं, हवा वाढवली. आकडा दोनशे दहावरून एकशे नव्वदवर आला आणि तिथेच फतकल मारून बसला. चौथ्या दिवशी सकाळी लॅबवाली म्हणाली, "काका, आता एकच मार्ग. फिनॉलवर चालणाऱ्या दुसऱ्या एखाद्या टाकीतला गाळ आणून यात मिसळायचा. कुठे आहे का तशी टाकी?"

टाकी होती, तीन तासांच्या अंतरावर. पण ती त्यांच्या साडूंच्या ताब्यात होती.

मोठे साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तेही याच धंद्यात. अकरा वर्षांपूर्वी घरच्या एका लग्नात पंगतीला शेजारी बसले असताना साडूंनी "तुमचा गाळ जरा आळशी वाटतो हो" असं म्हटलं होतं. खानावळवाले अर्ध्या ताटावरून उठले होते. जेवण अर्धवट टाकण्याची त्यांच्या आयुष्यातली ती एकच वेळ. तेव्हापासून दोन बहिणी फोनवर तासन्‌तास बोलत आणि दोन साडू एकमेकांच्या प्रकृतीची चौकशी त्यांच्यामार्फत करत.

"जा," पत्नी म्हणाली. "आणि खरं काय ते सांगा. ताईला मी आधीच सांगितलंय."

"काय सांगितलंयस?"

"तुम्ही येताय एवढंच. बाकीचं तुमच्या तोंडून ऐकायचं म्हणून भाऊजी अर्ध्या दिवसाची रजा टाकून बसलेत."

साडू खरोखरच पुढच्या खोलीत खुर्ची ओढून बसले होते. उंच, हडकुळे, चष्मा कपाळावर. खानावळवाल्यांनी चहाला हात न लावता सगळं एका दमात सांगून टाकलं आणि हसण्याची वाट बघत खाली मान घातली.

साडू हसले नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

"कोणती बिस्किटं?"

"म्हणजे?"

"साधी की क्रीमची?"

"सरमिसळ होती. क्रीमची बरीच."

"तरीच. क्रीममध्ये तूप. फेस किती आला?"

"हातभर."

"आणि गाळ बसतो किती?"

"नऊशे."

"अरेरे," साडू म्हणाले. इतक्या मनापासून की आतून ताईंनी डोकावून विचारलं, "कोण गेलं हो?"

"गेलं नाही कुणी अजून," साडू उठत म्हणाले. "सहा पिंपं देतो. पण मी बरोबर येणार. तुमच्या हाती मी माझी पोरं सोडणार नाही. वाटेत काहीतरी खाऊ घालाल."

गाळाला हवा लागते. बंद पिंपात तीन तास ठेवला तर पोहोचेपर्यंत त्यातले निम्मे गुदमरतील. म्हणून भाड्याच्या टेंपोत सहा उघडी पिंपं दोरीने बांधली गेली आणि पन्नाशी ओलांडलेले दोन गृहस्थ हातात लाकडी वल्ही घेऊन मागे उभे राहिले. प्रत्येकाकडे तीन पिंपं. ढवळायचं, थांबायचं नाही. पहिला तास दोघांनी एकमेकांकडे पाठ करून ढवळलं. दुसऱ्या तासाला एका वळणावर पिंप हिंदकळलं आणि साडूंच्या पांढऱ्या शर्टावर डाव्या खांद्यापासून खिशापर्यंत तपकिरी ओघळ आला. त्यांनी तो बोटावर घेऊन हुंगला.

"बघा," ते म्हणाले, "याला म्हणतात वास."

खानावळवाल्यांनीही पुढे वाकून साडूंचा खांदा हुंगला. वास उत्तम होता. हे कबूल करायला त्यांना आणखी तीन किलोमीटर लागले.

शहराच्या वेशीवर वाहतूक हवालदाराने टेंपो अडवला. त्याने मागे येऊन पिंपांकडे पाहिलं, मग वल्ह्यांकडे, मग शर्टाकडे.

"काय आहे यात?"

"जिवाणू," साडू म्हणाले.

"म्हणजे?"

"जीवजंतू. फार बारीक. डोळ्यांना दिसत नाहीत."

"मग मला दाखवताय कशाला? जिवंत आहेत?"

"आम्ही थांबलो नाही तर राहतील," खानावळवाले ढवळता ढवळता म्हणाले.

हवालदार नाकाला रुमाल लावून म्हणाला, "परवाना?"

"कशाचा? चावत नाहीत ते."

"खातात काय?"

दोन्ही साडूंनी एकमेकांकडे पाहिलं. "विष," मोठे साडू म्हणाले. हवालदाराने आणखी एकही प्रश्न न विचारता हाताने पुढे जा अशी खूण केली आणि टेंपो बराच लांब जाईपर्यंत तो रस्त्याच्या दुसऱ्या कडेला उभा राहिला.

नवी मंडळी आत सोडायची तर जुन्यांसाठीची जागा कमी करायला हवी होती. टाकीतला निम्मा कापशी गाळ बाहेर काढून वाळत घालायचा, असं साडूंनी सांगितलं. खानावळवाल्यांनी झडपेवर हात ठेवला आणि ते तसेच उभे राहिले.

"काय झालं?"

"यांचा काय दोष? मीच घातलं, त्यांनी खाल्लं."

"अहो, ही शोकसभा नाही," साडू म्हणाले आणि त्यांनीच झडप फिरवली.

सहा पिंपं टाकीत रिकामी झाली. साडूंनी पथ्य लिहून दिलं: फिनॉलचं पाणी आधी चमचाभर, मग वाटीभर, जोडीला नत्रासाठी युरिया ठरल्याइतकाच, बाकी काही नाही. मग ते डागाळलेल्या शर्टानिशी बसने घरी गेले. त्या बसमध्ये त्यांना शेवटपर्यंत दोन माणसांची जागा मिळाली.

सहाव्या दिवशी आकडा एकशे वीस. सातव्या दिवशी एकशे अठरा. तलाव तीन चतुर्थांश भरला होता. रसायनवाला फीत घेऊन टाकीभोवती मापं घेत फिरू लागला. खानावळवाले कठड्यावरून खाली बघत होते. फेस ओसरला होता, पाणी मलूल दिसत होतं. मंडळी सुकल्यासारखी वाटत होती. नेमका तेव्हाच भिंतीपलीकडून मुकादमाचा आवाज आला, "काय हो, पोती देऊ का? आज क्रीमची नाहीत, साधीच आहेत!"

त्यांनी घरी फोन लावला. "फक्त मूठभर. ताकद येण्यापुरती. साधीच आहेत."

"कठड्यावरून खाली उतरा," पत्नी म्हणाली. "मी येतेय."

तिने बालवाडीतून तीन दिवसांची रजा काढली. फाटकावर पहारेकऱ्याने विचारलं, "बाई, काय काम?" तर ती म्हणाली, "मुलाला आवरायला आलेय." टाकीच्या वरच्या चौथऱ्यावर तिने खुर्ची मांडली, विणकाम काढलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली, म्हणजे पोतं आलंच तर आधी तिला दिसावं. साहेब पाहणीला आले तेव्हा तिला बघून थबकले.

"या कोण?"

"राखण," खानावळवाले म्हणाले.

"जिवाणूंची?"

"नाही हो साहेब," ती सुया न थांबवता म्हणाली, "यांची."

आठव्या दिवशी आकडा सत्त्याऐंशी. खानावळवाल्यांना ते हळू वाटलं. त्यांनी साडूंना फोन केला, साडूंनी "वाट बघा" म्हणून ठेवून दिला. वाट बघणं हे काम त्यांनी कधी केलेलं नव्हतं. ते जिना चढले, उतरले, नळकांडं धुतलं, पुन्हा धुतलं.

"भूक लागलीये त्यांना," ते बायकोपाशी येऊन म्हणाले.

"लागू दे की."

"उपाशीच मेली तर?"

"समोर ताट वाढलेलं आहे. साडेतीनशेचं. आवडत नाही म्हणून बसलेत रुसून. माझ्या वर्गात एक आहे असा, तीन दिवस तोंड फिरवून बसला होता. चौथ्या दिवशी पालक पुन्हा मागून घेतला."

"तो एक होता. हे कोट्यवधी आहेत."

"मग कोट्यवधींना लाज वाटायला जरा जास्त वेळ लागेल," ती म्हणाली आणि तिने ओळ बदलली.

नवव्या दिवशी सकाळी नळकांड्यातला गाळ साडेचारशेवर बसला. खानावळवाल्यांनी मूठभर हातात घेऊन हुंगला, मग बायकोच्या नाकाशी नेला. तिने डोकं मागे घेत विचारलं, "काय?" "माती," ते म्हणाले. आकडा एकोणीस होता. त्या दिवशी ते घरी जाऊन जेवले नाहीत. भूक लागली होती, पण म्हणाले, जरा लागू दे.

दहाव्या दिवशी तलावाच्या काठाला पाणी टेकलं होतं. लॅबवालीने नमुना घेतला, आकडा काढला, पुन्हा काढला आणि कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. शून्य पूर्णांक सहा. साहेबांनी तो स्वतः वाचला, मग मोठ्याने वाचला. रसायनवाल्याने मापाची फीत गुंडाळून खिशात टाकली आणि आपली पत्रकं गोळा केली. एक पत्रक तो विसरला. साहेबांनी ते उचलून त्यातली बारीक अक्षरं पहिल्यांदाच वाचली आणि ते केराच्या टोपलीत टाकलं.

"टाकी राहू दे," ते म्हणाले. "पण मागे तलावात दहा दिवसांचं पाणी साठलंय, त्याचं काय?"

"ते मंडळींचं जेवण," खानावळवाले म्हणाले. "महिनाभर पुरेल."

दुपारी मोठे साडू न कळवता आले. निकाल त्यांना बहिणीबहिणींच्या फोनवरून आधीच कळला होता. फक्त बघायला आलो, असं त्यांनी तीनदा सांगितलं. चौघं तलावाच्या झडपेपाशी उभे राहिले: दोन साडू, लॅबवाली आणि विणकाम पिशवीत घालून बालवाडीच्या बाई. खानावळवाल्यांनी झडपेचं चाक हळूच फिरवलं आणि पाव आट्यावर थांबवलं. नळीतून बोटभर धार टाकीकडे निघाली.

"एवढंसंच?" साडू म्हणाले. "अहो, अर्धा आटा तरी उघडा. पाच-सहा दिवस अर्धपोटी राहिलीत बिचारी."

"पाव."

"माझी पोरं आहेत ती. मला त्यांची भूक माहीत आहे."

"तुमची होती," खानावळवाले चाकावरचा हात न काढता म्हणाले. "आता माझ्याकडे राहतात."